आधी उधारी, मग आभार

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या सतरंज्या कुणी उचलायच्या, हे प्रचारात कुणीच ठरवलेलं नसतं. महिनाभर जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे उरतात न वाटलेली पत्रकं, डिझेलच्या पावत्या, चहाचे डाग पडलेलं टेबल आणि दोनशे पानी लांब वह्यांचा एक गठ्ठा. जिंकलेल्याच्या दारात गुलाल असतो, पडलेल्याच्या दारातल्या चपला कमी झालेल्या असतात. त्या वह्यांकडे मात्र दोन्ही घरांत कुणाचं लक्ष नसतं. चुकतं ते तिथेच, कारण पुढच्या महिन्याचं सगळं काम त्या वह्यांत लिहिलेलं असतं.

मोठ्या पैशाशिवाय, माणसांच्या बळावर लढवल्या जाणाऱ्या विधानसभेबद्दल बोलायचं तर सुरुवात सभेपासून करूच नये. ती बूथवहीपासून करावी.

आधी हिशेब. खानदेशात विधानसभेच्या वीस जागा: जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५, नंदुरबारमध्ये ४. राज्याच्या २८८ मतदारसंघांची मोजणीच अक्कलकुव्यापासून सुरू होते, तो क्रमांक एक. एका मतदारसंघात ढोबळमानाने तीन लाख मतदार आणि तीनशेच्या वर मतदान केंद्रं धरा. २०२४ साली अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख होती ४ नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. प्रचार थांबला १८ तारखेला संध्याकाळी, मतदान झालं २० ला. चिन्ह हातात आल्यापासून मिळाले चौदा दिवस. तीन लाख मतदार म्हणजे साधारण पाऊण लाख घरं. ओट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, दोन वाक्यं बोलून उठायचं म्हटलं तर तासाला दहा घरं होतात. उमेदवार रोज दहा तास चालला तरी चौदा दिवसांत चौदाशे घरं झाली. उरलेल्या त्र्याहत्तर हजार सहाशे घरांत तो स्वतः कधीच पोचणार नसतो. तिथे कुणीतरी दुसरंच जातं, आपल्या शब्दावर त्याच्यासाठी मत मागतं आणि त्याच्या वाटचं बोलणंही खातं.

ती माणसं किती, हेही मोजता येतं. मतदार यादीच्या एका पानावर तीस नावं असतात. हजार मतदारांच्या केंद्राची चौतीस पानं. एकाकडे दोन पानं दिली तर साठ मतदार, म्हणजे पंधरा-सोळा घरं, आणि तेवढी घरं एक माणूस खरोखर सांभाळू शकतो. या हिशेबाने केंद्रामागे सतरा जण लागतात. प्रत्यक्षात आठ मिळाले तरी उमेदवाराने समाधान मानावं. तीनशे केंद्रांचे आठ-आठ धरले तरी चोवीसशे माणसं झाली. निकालानंतर ज्यांचे आभार मानायचे ते हे चोवीसशे, नावानिशी. ‘समस्त कार्यकर्ते व हितचिंतक’ असं छापलेल्या बॅनरवर यातल्या एकाचंही नाव नसतं.

म्हणून वही. केंद्रामागे एक, जाड पुठ्ठ्याची, लांब. डाव्या पानावर यादीभाग क्रमांक, घराचा म्होरक्या, घरात मतं किती, गावाबाहेर कोण आहे आणि कधी येणार. उजवं पान दोन रकान्यांचं. पहिल्यात गावाने काय सांगितलं, दुसऱ्यात गावाने काय दिलं. या दुसऱ्या रकान्यात नोंदी अशा असाव्यात: ‘ट्रॅक्टर-ट्रॉली, एक दिवस.’ ‘ओटा, बैठकीसाठी, रात्री ८ ते १०.’ ‘चाळीस भाकरी, ठेचा.’ ‘माईकसाठी वायर घरातून ओढू दिली.’ ‘५०१ रुपये, पावती दिली.’ त्या-त्या रात्रीच लिहायचं, दुसऱ्या दिवसावर ढकललं की नावं गळतात. सगळं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू, असं तरुण पोरं म्हणतात. टाकावं. पण चौदा दिवसांत त्या ग्रुपवर हजारो फोटो पडतात, आणि धडगाव-मोलगीकडच्या अनेक पाड्यांत रेंज टेकडी चढल्याशिवाय येत नाही. कागदावरचं मात्र टिकतं.

वहीत काय लिहू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. जात लिहू नये. कोण कुणाला मत देणार याचा अंदाज लिहू नये. घरापुढे हिरवी, पिवळी, लाल खूण करायची पद्धत सगळीकडे आहे आणि प्रचाराला तिचा उपयोगही होतो. पण ती खूण सुट्या कागदावर करावी आणि मतदानाच्या रात्री तो कागद फाडून टाकावा. वही हरवते, दुसऱ्याच्या हाती लागते, आणि मग तीनशे मतदारांच्या गावात त्या लाल खुणेवरून एखाद्याचं पाणी तोडलं जातं. आपल्या वहीने कुणाचं असं नुकसान होणार असेल तर ती वही न ठेवलेलीच बरी.

पहिली नावं वहीत येतात ती सूचकांची, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणाऱ्यांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, तेव्हा निदान दोन संच करावेत आणि दोन्हींत वेगळे सूचक घ्यावेत. एका नावात खोट निघाली तर दुसरा संच तारून नेतो. खोट निघते ती बहुतेक वेळा यादीतल्या अनुक्रमांकात. जुन्या यादीवरून आकडा उतरवलेला असतो आणि नव्या यादीत तो सरकलेला असतो. सातपुड्यात आणखी एक अडचण येते. सूचक अंगठा लावणारा असेल तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो, घरी लावून आणलेला चालत नाही. म्हणजे पाड्यावरच्या म्हाताऱ्याला तालुक्याला आणायचं, अकरा ते तीन या वेळेत तिथे उभं करायचं आणि परत घरी सोडायचं. त्याचा एक दिवस गेला. त्याने तो दिला. वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचं.

अर्जाचं बाकीचं झरझर सांगून टाकू. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. नमुना २६ च्या शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. अर्ज भरल्यावर शपथ घ्यायची राहून गेली, अशी चूकही होते. छाननीच्या दिवशी घेऊ म्हणून चालत नाही, ती आदल्या दिवसापर्यंत व्हायला हवी.

चिन्ह मिळालं की खरी धावपळ. अपक्षांची नावं यंत्रावर पक्षांच्या खाली येतात. एका मतपत्रिका-यंत्रावर सोळा जागा असतात, त्यात एक ‘नोटा’ची, उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं यंत्र लागतं. तेव्हा ‘आपलं नाव दुसऱ्या मशीनवर, वरून तिसरं’ हे घरोघर सांगायला लागतं, आणि सांगणारा चुकला तर सगळं मुसळ केरात. नमुना मतपत्रिका छापता येते, पण तिच्यावर दुसऱ्या उमेदवारांची नावं किंवा चिन्हं नकोत, आणि रंग-आकार खऱ्या मतपत्रिकेसारखा नको. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशित करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. खालची ती ओळ घाईत राहते आणि मग पाच हजार पत्रकं गठ्ठ्यातच पडून राहतात. म्हाताऱ्या मतदारांना एक गोष्ट हाताने करून दाखवावी. बटण दाबलं की लांब ‘बीप’ ऐकू येईपर्यंत थांबायचं, आणि शेजारच्या यंत्राच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते ती बघायची. मागे रांग आहे या भीतीने बरेच जण बटणाला बोट लावतात न लावतात तोच निघतात.

खानदेशात नोव्हेंबर महिना प्रचाराला सोपा नाही. कपाशीची वेचणी भरात असते. बाया सकाळी आठला शेतात गेलेल्या असतात, वेचणी किलोवर असते, त्यामुळे दिवसा कुणाला थांबवणं म्हणजे तिच्या मजुरीत हात घालणं. गावात जायचं ते सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. भोंग्याला परवानगी रात्री दहापर्यंतच, म्हणजे हाताशी राहतात तीन तास. दिवसा जायचं ते शेताच्या बांधावर, केळीच्या बागेत, जिनिंगच्या फाटकाशी, आठवडे बाजारात. बाजारात भाषण करू नये, माणसं सौद्यात असतात. बसस्टँडच्या कडेला उभं राहावं आणि परतणाऱ्यांच्या हातात पत्रक द्यावं.

बोलीचं भान नसेल तर चौदा दिवस वाया गेलेच म्हणून समजा. साक्री-शिंदखेड्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, शहाद्याकडे गुजर समाजाची गुजरी, नवापुरात मावची, धडगावकडे पावरी. पुण्याहून छापून आलेलं गुळगुळीत मराठी पत्रक इथे हातात घेतात आणि घडी करून खिशात घालतात. गावातल्याच एखाद्या पोराने किंवा सुनेने स्वतःच्या बोलीत पाच मिनिटं सांगितलेलं मात्र चुलीपर्यंत जातं. तेव्हा वहीत लिहायचं: कोण बोललं, किती वेळ, कुठे. पुढे आभाराला जाताना हेच नाव आधी घ्यायचं असतं.

गावाबाहेर गेलेल्यांचा रकाना इथे फार भरतो. दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. चाळीसगाव-पारोळ्याकडून, साक्री-नंदुरबारकडून माणसं पोराबाळांसकट पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातात. उधना, लिंबायत, पांडेसरा या सुरतच्या भागांत तर खानदेशच वसलेला आहे. तापी लाइनच्या गाड्यांनी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावची माणसं सणावाराला येतात-जातात. या लोकांना मतदानाची तारीख सांगायला जायला हरकत नाही, नव्हे, जावंच. पण मतदारांची ने-आण करायला उमेदवाराने गाडी करून देणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. ‘भाऊ, भाडं तर द्या’ असं तोंडावर म्हणतात, आणि म्हणणाऱ्याची गरज खरी असते. तरी नाही म्हणायचं, तिथल्या तिथे आणि नीट कारण सांगून. जो आपल्या खर्चाने, एक दिवसाची हजेरी बुडवून आला, त्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवावी.

आता पैसा. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे. माणसांवर लढणाऱ्याकडे त्याच्या जवळपास जाईल इतका पैसा नसतो, पण हिशेब त्यालाही तितकाच कडक. एका व्यक्तीला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांहून जास्त रोख देता येत नाही, आणि एका देणगीदाराकडून दहा हजारांहून जास्त रोख घेताही येत नाही. कुणी फुकट दिलेली जीप, ट्रॅक्टर, मंडप यांची किंमत जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे खर्चात धरावी लागते. बऱ्याच उमेदवारांना हा जाच वाटतो. मला हा नियम फार चांगला वाटतो. आप्पांनी दिलेला ट्रॅक्टर फुकट नव्हता, त्याला इतकी किंमत होती, हे सरकारी वहीत लिहिलं जातं. देणाऱ्याच्या श्रमाचा आकडा समोर आला की आभार मानताना आवाज आपोआप खाली येतो.

खर्चाची मोजदाद अर्ज भरल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत, दोन्ही दिवस धरून. त्यामुळे निकालाच्या दिवशीचे ढोल, गुलाल, डीजे, फटाके हेही त्यात येतात. पोरं आनंदात वाजंत्री ठरवून टाकतात आणि बिल महिन्याने समोर येतं. पूर्ण हिशेब निकालापासून तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. पडलेल्यालाही. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं.

मतदानाचा दिवस सुरू होतो अंधारात. मतदान सातला असेल तर त्याआधी नव्वद मिनिटं, म्हणजे साडेपाचला, चाचणी मतदान होतं. निदान पन्नास मतं टाकून, मोजून, मग ती पुसली जातात. आपला प्रतिनिधी तेव्हा खोलीत असायलाच हवा. यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक त्याने उतरवून घ्यायचा, आणि चाचणीची मतं ‘क्लियर’ झाली की नाही हे डोळ्यांनी बघायचं. नोव्हेंबरच्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, घरून चहासुद्धा न घेता आलेला हा माणूस संध्याकाळी सहापर्यंत त्या बाकावर बसतो. गावात तो आता उघडपणे एका बाजूचा झालेला असतो. सरपंच दुसऱ्या बाजूचा असेल तर ती बैठक सोपी नसते. शेवटी केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सी ची प्रत घ्यायची, ज्यात किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. ती प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. सहाच्या ठोक्याला रांगेत उभे असलेल्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि त्यांचं मतदान होतंच, हेही त्याला पक्कं माहीत हवं. शेतातून साडेपाचला धावत आलेल्या बाईला कुणीतरी ‘वेळ संपली’ म्हणून परत पाठवतं, आणि तिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नसतं, असं होऊ नये.

मग निकाल.

अनामत वाचायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख वैध मतं असतील तर ३३,३३४. माणसांच्या बळावर लढणारे बरेच जण याच्या खाली राहतात, आणि तिथेच आभार बारगळतात. कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटतं. पण ज्याने आपल्यासाठी शेजाऱ्याशी वाकडं घेतलं तो तर गावातच आहे. त्याला रोज त्याच पारावरून जायचंय. हरल्यावर तोंड लपवलं तर त्याला तिथे एकट्याला सोडल्यासारखं होतं. धुळ्याकडच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मत मांगाले उनात, मंग कोठे गयात?’ म्हणजे मत मागायला आलात, मग कुठे गेलात? जिंकलेल्यालाही तेच, हरलेल्यालाही तेच.

निकालाच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फक्त फोन. तीनशे मतदान प्रतिनिधी, दहा जणांनी तीस-तीस वाटून घ्यायचे, आणि निदान पन्नास फोन उमेदवाराने स्वतः करायचे. जिथे सर्वात कमी मतं पडली तिथले. फोनवर ‘काय झालं रे तुझ्या बूथवर?’ असं विचारू नये. तो आधीच त्याच प्रश्नाने झोपलेला नसतो.

त्यानंतर उधारी. डिझेलचा पंप, छापखाना, मंडपवाला, चौकातला चहावाला, भोंग्याची रिक्षा. सगळ्यांचं बिल चुकतं झाल्याशिवाय कुठल्याही गावात आभाराला जाऊ नये. तीस दिवसांच्या हिशेबासाठी या पावत्या लागतातच, तेव्हा एका कामात दोन कामं होतात. आणलेल्या वस्तू परत: सतरंज्या झटकून, पातेली घासून, वायर गुंडाळून, जिची तिच्याकडे. प्रचारात फुटलेलं, हरवलेलं असेल तर नवं घेऊन द्यावं. भिंतींवरची पत्रकं काढावीत, रंगवलेली भिंत पांढरी करून द्यावी. ज्या माउलीने घराची भिंत दिली तिच्या दारावर वर्षभर आपलं चिन्ह उन्हात विटत ठेवणं बरं दिसत नाही. एवढं झालं की लोकांच्या निम्म्या आभारांचं काम न बोलताच झालेलं असतं.

मग दौरा. त्यासाठी नमुना २० मिळवावा. त्यात केंद्रनिहाय कुणाला किती मतं ते असतं. हा कागद हाती आला की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते, आणि इथे उमेदवाराने घट्ट राहावं. कुठल्या गावाने ‘दगा’ दिला हे शोधायला तो कागद वापरायचा नाही. त्याचा एकच उपयोग: जिथे सगळ्यात कमी मतं, तिथे आधी जायचं. एखाद्या केंद्रावर अकरा मतं पडली असतील तर ती अकरा मतं टाकणाऱ्यांचं काळीज मोठं आहे. पण हीच जागा जपायची. छोट्या पाड्यावर अकरा मतं कुणाची हे लोक अंदाजाने ओळखतात. चारचौघांत ‘तुम्ही मला मत दिलंत, आभारी आहे’ असं कुणाला म्हणणं म्हणजे त्याचं गुप्त मत चव्हाट्यावर आणणं. म्हणून आभार मानायचे ते उघडपणे काम केलेल्यांचे, कामाचं नाव घेऊन: बाकावर बसलात, ओटा दिलात, भाकरी केल्यात, पोराला सांगायला धाडलंत. मताचे आभार सगळ्या गावाचे, एकत्र, मत न देणाऱ्यांसकट.

वहीतली नावं इथे पुन्हा एकदा नीट वाचावीत, कारण त्यांत एक खोट हमखास असते. चाळीस भाकऱ्यांच्या नोंदीपुढे घरच्या पुरुषाचं नाव असतं. ‘नानांच्या घरून’. ‘जिभाऊंची वहिनी’. पहाटे चारला उठून चूल पेटवणाऱ्या बाईचं नाव वहीत नाही. याच खानदेशातून १९६२ साली प्रतिभाताई पाटील जळगावातून आमदार झाल्या आणि पुढे १९६७ ते १९८५ एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, आमदार राहिल्या. तरी आपल्या वह्यांत बाई अजून ‘घरून’च असते. दौऱ्याआधी प्रत्येक केंद्रप्रमुखाला फोन करून ती नावं भरून घ्यावीत आणि गावात गेल्यावर आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून त्या मावशीला, त्या ताईला नावाने हाक मारून बोलावं. गाडीच्या चालकाचंही तसंच. वीस रात्री स्टेअरिंगवर डुलकी आवरत ज्याने सगळ्यांना सुखरूप घरी सोडलं, त्याचं नाव पत्रकात नसतं, भाषणात नसतं.

बैठक रात्रीचीच, मारुतीच्या पारावर किंवा कुणाच्या ओट्यावर. मंडप नको, हार नको, माईकही शक्यतो नको. बोलणं पाच मिनिटांचं. कुणी काय केलं ते नावांनिशी, किती मतं पडली ते खरं-खरं, आणि उजव्या पानावरचा पहिला रकाना, म्हणजे गावाने सांगितलेलं. यंत्रात घोळ, पैशाचा पाऊस, कुणी गद्दारी केली, हे त्या पारावर बोलू नये. तक्रार असेल तर ती कागदावर, योग्य ठिकाणी करावी. पुढच्या निवडणुकीची घोषणाही तिथे नको. लोक आभार ऐकायला बसलेले असतात. त्यांना लगेच पुन्हा कामाला जुंपलं की ते मनातून उठून जातात.

पहिला रकाना मात्र सोडायचा नाही. प्रचारात प्रत्येक गावाने काहीतरी सांगितलेलं असतं: विजेची डीपी जळून महिना झाला, रब्बीला थ्री फेज वीज फक्त रात्री मिळते, गिरणेच्या पाटाचं आवर्तन शेपटाकडच्या शेतापर्यंत येत नाही, केळीवर सीएमव्हीचा रोग आला आणि पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही, पाड्याचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला. निवडून आलेल्याने यातलं काय होतं ते करावंच. पण पडलेला माणूसही अर्ज लिहू शकतो. आभाराला जाण्याआधी त्या गावाची एकच तक्रार निवडावी, संबंधित कार्यालयात लेखी द्यावी, शिक्क्याची पोच घ्यावी आणि तिच्या दोन झेरॉक्स खिशात ठेवून गावात जावं. एक ग्रामपंचायतीला, एक ज्याने ती तक्रार सांगितली त्या शेतकऱ्याला. तो चष्मा कपाळावरून खाली घेतो, शिक्क्यावरची तारीख वाचतो, कागदाची बारीक घडी करून कोपरीच्या खिशात ठेवतो आणि मग म्हणतो, ‘बठा भाऊ, चहा टाकस.’

सुरतेकडच्यांसाठी एक रविवार वेगळा काढावा. इतर दिवशी माणसं पाळीवर असतात. ऊसतोडीला गेलेल्यांना फडात गाठणं जमत नसेल तर मुकादमाच्या फोनवर तरी दोन शब्द बोलावेत. मतदानाला येऊ न शकलेल्याशीसुद्धा. प्रचारात त्याच्या म्हाताऱ्या आईने ओटा दिलेला असतो.

वांग्याच्या भरताचा हंगाम याच दिवसांत येतो. प्रचार चालू असताना मतदारांना जेवण घालणं ही लाच. त्या काळात भरीत-पुरीचा वासही कार्यालयापासून लांब ठेवावा. हिशेब दाखल झाला, की काम केलेल्यांना एका संध्याकाळी शेतात बोलावावं. पांढुरकी-हिरवी भरताची वांगी काड्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, साल काढून मुसळीने ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. चाळीस माणसांना दहा किलो वांगी पुरतात. कळण्याच्या भाकरी. वाढायला उमेदवार आणि त्याच्या घरचे, पहिल्या पंगतीला मतदान प्रतिनिधी आणि ज्यांनी महिनाभर इतरांसाठी भाकरी थापल्या त्या बाया.

वहीत प्रत्येक नावापुढे भेट झाली की बरोबरची खूण करत जायचं. तीस दिवसांत सगळ्या खुणा होत नाहीत. सातपुड्याच्या आतली केंद्रं मागे राहतात. नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीला, राज्याच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या केंद्राला, मतदानाची यंत्रं बोटीने जातात. आभारालाही तसंच जावं लागतं. घरं टेकड्यांवर लांब-लांब, त्यामुळे इथे रात्रीची बैठक होत नाही. सकाळी लवकर पोचायचं, पावरी किंवा भिली बोलणारा कुणी सोबत घ्यायचा, पाण्याची बाटली आणि वही पिशवीत टाकायची, आणि एका दिवसात दोन पाडे धरायचे, तिसऱ्याचा हट्ट करायचा नाही. उतरताना अंधार होतो.

अर्जाच्या दिवशी अंगठा लावायला तालुक्याला आलेला तो म्हातारा सूचक अशाच एखाद्या पाड्यावर राहतो. पहिल्या पानावरचं पहिलं नाव.